दोन ते आठ अंश

ते साल दोन हजार तेवीस. मे महिन्यातला तिसरा मंगळवार. चंद्रपूरचा पारा शेहेचाळीसच्या पुढे जाऊन तिथंच ठाण मांडून बसला होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला इंदुताईंच्या फ्लॅटची बेल वाजली. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर पांढरा थर्माकोलचा खोका, खोक्याच्या फटींतून संथपणे खाली उतरणारा धूर, आणि धुरामागे कुरिअरवाला प्रफुल एका पायावर उभा. "मावशी, सही करा लवकर. हे जळून राह्यलं का थिजून राह्यलं, मले काही समजून नाई राह्यलं. गाडीवर मांडीले चटका बसला, पन थंड चटका," तो म्हणाला, आणि सही होताच पाणी मागून कूलरसमोर फरशीवर बसला. इंदुताई खोक्याकडे बघत राहिल्या. वर भाचीचं नाव होतं, दिव्यानी, खाली परदेशातली मोहर, आणि सगळ्या बाजूंना लाल अक्षरांत इंग्रजी सूचना. चष्मा आतल्या खोलीत होता. चष्मा आणायला त्या गेल्या नाहीत, ही पहिली गोष्ट. पुढं जे झालं ते सगळं या न आणलेल्या चष्म्यातून निघालं असं दिव्यानी नंतर म्हणायची. इंदुताईंना ते कधीच मान्य झालं नाही. त्यांच्या मते ते त्याच्या फार आधी, एकोणीसशे सत्याऐंशीतच निघालं होतं.

दिव्यानी ही त्यांच्या भावाची, गोंडपिपरीच्या धनराजची मुलगी. गडचिरोलीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची आणि शनिवार-रविवार आत्याकडं चंद्रपूरला यायची. असला थंड माल आणणाऱ्या कंपनीची गाडी चंद्रपूरच्या पुढं जात नव्हती, म्हणून तिनं आत्याचा पत्ता दिला होता. रविवारी जाताना पायात चप्पल सरकवत ती म्हणाली होती, "आत्या, गुरुवारी एक खोका येईल. मी बुधवारीच येऊन बसते. तू फक्त हात लावू नको." हात लावू नको! हे तीन शब्द रविवारपासून इंदुताईंच्या दातात अडकलेल्या सुपारीच्या तुकड्यासारखे अडकून बसले होते. एकतीस वर्षं त्या सरकारी नर्स होत्या. अहेरी, एटापल्ली, आलापल्ली, जिथं रस्ता संपायचा तिथून पुढं त्यांचं कार्यक्षेत्र सुरू व्हायचं. त्या जंगलातून उन्हाळ्यात बर्फ नेणारी बाई, अशी त्यांची ओळख होती. लस दोन अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आठच्या वर जाऊ द्यायची नाही. देव, नवरा, मूल यांच्यापैकी काहीही नसलेल्या बाईला धरून राहायला दोन ते आठ ही जागा पुरेशी असते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते माहीत होतं. आणि आता ज्या पोरीला त्यांनी स्वतः पोलिओचे थेंब पाजले होते, ती म्हणते, हात लावू नको.

तरीही त्यांनी आधी फोन केला. तीन वेळा. बंद. प्रयोगशाळेत दिव्यानीचा फोन बाहेर कपाटात ठेवतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रफुलकडून 'खोका आजच आला' एवढा मेसेज टाकून घेतला. मग त्यांनी स्वतःला समजावलं की खोका उघडायचा नाही, आत बर्फ पुरेसा आहे की नाही एवढंच बघायचं. चाकूनं चिकटपट्टी कापली, झाकण उचललं, धुराचा लोट त्यांच्या पायांवरून प्रफुलच्या दिशेनं गेला. आत खडूसारख्या पांढऱ्या कांड्या होत्या, पाण्याचा मागमूस नाही. सांडशीनं त्या बाजूला केल्या. मध्ये एक पाकीट, पाकिटात एक डबी, डबीत करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी आणि कुपीच्या तळाशी एक थेंब. थेंब कसला, खडा. त्यांनी कुपी उलटी केली. खडा हलला नाही. त्यांच्या छातीत जे झालं ते छत्तीस वर्षांपूर्वी झालं होतं तसंच झालं, अगदी त्याच जागी, डाव्या बाजूला, जरा वर. गोठलं. बाप रे, गोठलं.

ज्याला शीतसाखळी माहीत नाही त्याला वाटतं लस उन्हानं बिघडते. उन्हानं बिघडतेच, पण उन्हाला सगळेच भितात, त्यामुळं उन्हापासून तिला सगळेच जपतात. खरा घात करतो तो बर्फ, कारण बर्फ आपल्या बाजूचा वाटतो. पोलिओचं औषध गोठलं तर चालतं, पण ट्रिपल, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस, गोठली की मेली. वरून दिसायला जशीच्या तशी, टोचलीही जाते, पोर रडतंही, आत मात्र काही उरलेलं नसतं. सत्याऐंशीच्या मे महिन्यात एटापल्लीच्या बाजारच्या दिवशी हेच झालं होतं. त्यांचा मदतनीस नथ्थू तेव्हा नुकताच लसीचा डबा वाहायला लागलेला, जेमतेम सत्तावीस वर्षांचा, मन लावून काम करणारा. ऊन फार म्हणून त्यानं फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच निळ्या डब्यात भरले आणि कुप्या त्यांना अगदी चिकटवून ठेवल्या. आईनं पोराला कुशीत घ्यावं तशा. नियम असा की पॅक बाहेर काढून ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. नथ्थूनं घाम फुटू दिला नाही. बाजारात पोचल्यावर इंदुताईंनी कुपी उजेडात धरून हलवली, तर आत दही फाटल्यासारखे कण. चाळीस कुप्या. आणि समोर झाडाखाली रांगेत बसलेल्या आया. पहिलीच होती सोमारी. सूरजागडच्या डोंगरापलीकडून, दोन दिवस चालत आलेली, पाठीला बांधलेली सात महिन्यांची पोरगी घेऊन.

सोमारीपाशी त्यांचं मन नेहमी थांबायचं आणि तिथून वळून यायचं. आताही वळलं. "बसला काय आहेस," त्या प्रफुलवर खेकसल्या, "तुमच्या कंपनीला अक्कल आहे की नाही? दगड करून आणलं औषध!" प्रफुल म्हणाला, "मावशी, मी फक्त पोचवतो. पन हा धुराचा बर्फ फेकून नका देऊ. मले द्या. परवा भावाचं लग्न हाय, नवरदेव धुरातून येईल तर काय हवा होईल!" इंदुताईंना त्या बर्फाची इतकी घृणा आली होती की त्यांनी खोक्यासकट तो देऊन टाकला. प्रफुल दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी "सिलिंडर लीक झाला!" म्हणून ओरडलं, ते बराच वेळ ओरडत राहिलं.

तेवढ्यात नथ्थू आला. तो दर मंगळवारी यायचा. निवृत्तीनंतर मुलाकडं बाबूपेठेत राहायला आला तेव्हापासून मंगळवारी ताक प्यायला येणं त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं, आणि ते ताक इंदुताई त्याच जुन्या निळ्या डब्यात थंड करून ठेवायच्या. निरोपाच्या वेळी तो डबा त्यांनी मागून घेतला होता. लोकांना शाल मिळते, त्यांनी डबा घेतला. "ताक काढ," त्या म्हणाल्या. नथ्थू खूश झाला. "पिण्यासाठी नाही. डबा रिकामा कर." तीन पॅक फ्रीजरमधून निघाले, ओट्यावर मांडले गेले आणि दोघं म्हातारी माणसं त्यांना घाम फुटण्याची वाट बघत समोरासमोर बसली. कुणीतरी दवाखान्यात आहे आणि डॉक्टर बाहेर येण्याची वाट बघायची आहे, अशी. नथ्थूनं एक पॅक कानाशी धरला. "वाजते," तो म्हणाला. "अजून वाजू दे," इंदुताई म्हणाल्या. दरम्यान त्यांनी कुपी मुठीत धरून वितळवली आणि उजेडात नेऊन नियमाप्रमाणे चांगली दहा-पंधरा वेळा खळाखळा हलवली. एका थेंबात कण आहेत की नाहीत हे कळेना, पण फेस आला. फेस त्यांना चांगला वाटला. कापडात गुंडाळून, पॅकला टेकणार नाही अशी, कुपी डब्याच्या मधोमध ठेवली. शेजारी गोल काट्याचा तापमापक. बारा वाजता काटा पाचवर येऊन थांबला. पाच! इतकं समाधान त्यांना कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. त्यांना एकदम भूक लागली.

एक वाजता फोन वाजला. "आत्या, मेसेज पाहिला. खोका आजच आला म्हणते. तू हात नाई ना लावला?"

"वेळेवर लावला म्हणून वाचलं," इंदुताई म्हणाल्या. हा क्षण त्यांनी तासभर चघळला होता. "पार दगड होऊन आलं होतं तुझं औषध. मी काढलं, वितळवलं, दोन ते आठमधे ठेवलं. पाच दाखवून राह्यला काटा."

पलीकडून पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग दिव्यानी फार हळू, लहान पोराला विहिरीच्या काठावरून मागं बोलवावं तशी म्हणाली, "पूर्ण वितळलं?"

"पाण्यासारखं."

"हलवलं तर नाई?"

"हलवल्याशिवाय समजंल कसं?"

"अन् तो धुराचा बर्फ?"

"लग्नाला गेला," इंदुताई म्हणाल्या. मग त्यांना आपल्याच वाक्याचा आवाज ऐकू आला.

दिव्यानी रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं असं इंदुताईंना वाटलं. ओरडणाऱ्या माणसापुढं उभं राहणं त्यांना जमायचं, त्या स्वतः जन्मभर ओरडतच आल्या होत्या. ती फक्त सांगत गेली. उणे ऐंशी अंशांत राहायला हवं होतं ते. लस नव्हे, प्रथिन. हलवलं तर फेसाबरोबर त्याची घडी मोडते. हे सगळं दिव्यानीनं त्यांना दिवाळीतच समजावलं होतं, ट्रंकेतली लुगडी पुढ्यात घेऊन. माणसाच्या एकेका पेशीत पुरुषभर उंचीचा धागा असतो, तो घड्या घालून, गुंडाळून ठेवलेला असतो. जी घडी बंद, तिच्यावरचं लिहिलेलं वाचता येत नाही. आणि हे प्रथिन म्हणजे त्या घड्या सरकवणारं, इकडं आवळणारं, तिकडं सैल करणारं. पोटात असताना बाळाचं रक्त वेगळं असतं, जन्मल्यावर त्या रक्ताची घडी हे प्रथिन आणि त्याचे सोबती मिळून बंद करून टाकतात. सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराच्या, पोराची ती घडी पुन्हा उघडता आली, तर ते पोटातलं चांगलं रक्त त्याला परत मिळेल. मग या प्रथिनाला अडवणारं काही सापडतं का, एवढंच दिव्यानी शोधत होती. इंदुताईंना तेव्हा सांधे धरून रडणारी ती पोरं आठवली होती, ज्यांना त्या वाताची गोळी देऊन परत पाठवायच्या. त्या काळी कुणाला काय माहीत.

आठ महिने लागले होते ती कुपी यायला. जूनअखेर एक तरी खरा निकाल दाखवायचा होता. नाहीतर काम दुसऱ्याकडं जाणार आणि दिव्यानी गोंडपिपरीला, जिथं धनराजनं शाळेत विज्ञानाच्या मास्तरणीच्या जागेसाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता. दुसरी कुपी मिळणार नव्हती. हे सगळं इंदुताईंना माहीत होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, म्हणावं, तसंच वितळून आलं होतं, प्रफुलचा दोष. पण अभिमानाच्या भरात त्यांनी आधीच सगळा कबुलीजबाब देऊन टाकला होता. "मी परत बर्फात घालू?" त्यांनी विचारलं. स्वतःचा एवढा बारीक आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"नको! तेच सगळ्यात वाईट," दिव्यानी म्हणाली. "एकदा वितळलं ते पुन्हा गोठवायचं नाई. आता थंडच ठेवून आजच्या आज वापरलं तर कदाचित. मी यायचं अन् परत जायचं म्हणजे चार-पाच तास, आणि इथं बाकीची तयारी कोण करंल?"

"मी आणते."

"तू? या उन्हात? एसटीनं?"

"दोन ते आठमधे आणते," इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परत जागेवर आला. "लेखी देऊ?"

पावणेदोनच्या बसमध्ये खिडकीच्या पत्र्याला हात लागला की कातडी चरचरत होती. डबा इंदुताईंच्या मांडीवर, डब्यावर ओला पंचा. नथ्थूला डबा धरू देणार नाही असं त्यांनी निघतानाच सांगितलं होतं. सत्याऐंशीपासूनचा हिशोब अजून मिटला नव्हता. नथ्थू शेजारी बसून, ज्यात एरवी आपलं ताक असतं त्या डब्याकडं उदासपणे बघत होता. "का हाय बाई यात?" त्यानं विचारलं.

"प्रथिन. माणसाचं."

"कोन्या माणसाचं?"

"कोणाचंच नाही. कृती माणसाची, पण बनवलंय किड्यांच्या पेशीत."

नथ्थू मूल गावच्या फाट्यापर्यंत विचार करत राहिला. "म्हंजे मोहाची फुलं आपली, न भट्टी दुसऱ्याची. असंच ना?"

"असंच," इंदुताई म्हणाल्या. दिव्यानीला दिवाळीत एवढं नेमकं सांगता आलं नव्हतं.

कंडक्टरनं डब्यावर पेन्सिल आपटली. "मावशी, यात का हाय? कोंबडी असल तर तिकीट लागते." "माणूस आहे," इंदुताई वैतागून म्हणाल्या. "बाई असल तर अर्धं, बाप्या असल तर पूर्ण," कंडक्टर म्हणाला. त्याच सालच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं आणि कंडक्टर लोकांना तेव्हापासून विनोद सुचायला लागले होते. बस हसली. पुढच्या सीटवरची बाई मात्र हसली नाही, तिनं वळून डब्याकडं नीट पाहिलं आणि आपल्या पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मूल गाव मागं गेलं, सावली गाव आलं. डांबर वितळून टायरला चिकटत होतं, सागाची पानं नसलेली झाडं आणि तेंदूच्या पानांचे गठ्ठे घेऊन चाललेली माणसं मागं जात होती. अशाच उन्हात चाळीस कुप्या जमिनीत पुरल्या होत्या त्यांनी, नथ्थूला खड्डा खणायला लावून. सोमारीला म्हणाल्या होत्या, "पुढल्या बाजाराला ये." चार शब्द जास्तच म्हणाल्या असतील, पोरगी वाळली म्हणून, तिला आंघोळ घातली नाही म्हणून. नथ्थूवरचा राग कुठंतरी निघायला हवा होता. पुढल्या बाजाराला सोमारी आली, पुन्हा दोन दिवस चालून, तर वरूनच साठा आलेला नव्हता. परत पाठवली. तिसऱ्या बाजाराला साठा होता, सोमारी नव्हती. त्या पावसाळ्यात डोंगरापलीकडच्या गावांत डांग्या खोकला फिरला. पाणी ओसरल्यावर इंदुताई गेल्या तेव्हा सोमारीच्या झोपडीला दार लावलेलं होतं, अंगणात गवत. शेजारी विचारावं म्हणून पाय उचलला, आणि उचललेला पाय परत तिथंच ठेवला. विचारलं नाही. त्यानंतर लग्नाची दोन स्थळं आली, बढती आली, आई गेली, पण त्या अंगणातलं गवत जसंच्या तसं राहिलं. त्याला ऊन लागलं नाही, वारा लागला नाही. त्यांनी ते इतकं खोल ठेवून दिलं होतं.

वैनगंगेच्या पुलाआधी बस थांबली. पुढं लाल धुळीनं माखलेल्या ट्रकांची रांग, टोक दिसत नव्हतं. लोहखनिजाचे ट्रक, सूरजागडचे. इंदुताईंनी झाकण न उघडता डब्याला कान लावला. पॅक खळखळत होते, जरा जास्तच. वरचा पंचा वाळला होता. नथ्थूनं आपल्या बाटलीतलं शेवटचं पाणी त्याच्यावर ओतलं, मग खिडकीतून ट्रक बघत बघत, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात घेत म्हणाला, "सोमारीचा जावई असल्याच ट्रकवर हाय."

"कोण सोमारी?" इंदुताई म्हणाल्या.

"काय बाई, विसरल्या का? थे, जिची पोरगी वाळली म्हनून तुमी बोल्ल्या होत्या. थेच पोरगी. तिचा नवरा ट्रक चालवते. दांडगी झाली आता, दोन पोरं हायेत तिले."

ट्रकांच्या इंजिनांचा आवाज, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, पुढच्या बाईच्या पोराचं रडणं, हे सगळं चालूच होतं. इंदुताईंना ते पाण्याखालून आल्यासारखं वाटलं. "ती जिवंत आहे?"

"मराले का झालं तिले? आलापल्लीच्या बाजारात टोचून घेतलं ना सोमारीनं. तिच्या मायेरच्या गावाले राहाले गेल्ती. तिथल्या नर्सबाईकडून घेतलं, तिन्ही येळा."

"तुला कधी कळलं हे?"

नथ्थूनं बोटं मोजली. "त्याच दिवाळीत. मी सासुरवाडीले गेल्तो, तवा बाजारात भेटली."

"छत्तीस वर्षं!" इंदुताई ओरडल्या. कंडक्टरनं वळून पाहिलं. "छत्तीस वर्षं ओळखतोस मला, दर मंगळवारी ताक पितोस माझ्या घरी, आणि सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलंच नाई," नथ्थू म्हणाला. मग खरं कारण बाहेर आलं. "आन मले वाटलं तुमाले राग येईल. आपल्या हद्दीतली बाई, न दुसऱ्या नर्सबाईकडून टोचून घेतलं म्हनून."

"आणि माझ्याकडं काऊन नाही आली ती?"

"तुमी लय बोलता म्हने. थे आलापल्लीची बाई गूळ देते म्हने पोराले."

आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठंतरी होत असावा, पण त्याच्या आधी दुसरंच काही येऊन उभं राहिलं. गूळ! कोण होती ती गूळ देणारी? शांताबाई असेल, ती नेहमीच लाडीगोडी लावायची. आणि मग त्याहून विचित्र असं काहीतरी, चोरी झाल्यासारखं. ज्या दुःखापायी त्यांनी पुढली तेवीस वर्षं एकही फेरी चुकवली नव्हती, तापात, पुरात, पायाला काटा मोडलेला असताना. ज्याच्यामुळं त्या इतक्या कडक झाल्या, आणि कडक झाल्यामुळं एकट्या राहिल्या. ते दुःख या माणसानं सुपारी चघळत चघळत खिडकीतून बाहेर थुंकून टाकलं होतं. त्यांनी डोळे मिटून ते अंगणातलं गवत पुन्हा आणायचा प्रयत्न केला. अंगण आलं. पण त्यात एक दांडगी बाई दोन पोरांना गूळ देत बसलेली होती.

पूल ओलांडून बस गडचिरोलीत शिरेपर्यंत त्या नथ्थूला बोलत होत्या. स्टँडवर उतरल्या त्या बोलतच. त्याची सासुरवाडी, त्याची सुपारी, त्याचे न फुटलेले घाम. नथ्थू मान खाली घालून मागून चालत होता, जसा तेवीस वर्षं चालला होता, एक खांदा किंचित झुकवून. त्या झुकलेल्या खांद्याकडं बघूनच त्यांना दिसलं की खांद्यावर डबा नाही. आपल्याही हातात नाही. आयुष्यभर उतरताना डबा नथ्थूच घ्यायचा. त्यांनी तो सवयीनं शेजारी सीटवर ठेवला होता आणि नथ्थूनं आज बाईंनी हात लावू नको सांगितलं म्हणून लावला नव्हता. बस चामोर्शीच्या दिशेनं वळत होती. नथ्थू, त्रेसष्ट वर्षांचा, चपला सोडून धावला. इंदुताईंच्या तोंडून आवाजच निघेना, ज्या आवाजाला अख्खं एटापल्ली भीत होतं तोच. आणि मग बस वळणावर करकचून थांबली, दारातून कंडक्टर अर्धा बाहेर लोंबकळला, निळा डबा छातीशी धरून, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ मावशी! तुमचा माणूस राह्यला ना गाडीत!"

प्रयोगशाळेच्या दारात दिव्यानी उभी होती. तिनं झाकण उघडलं आणि काटा पाहिला. सहा. तिनं आत्याकडं पाहिलं, मग परत काट्याकडं. "सहा कसे?" ती म्हणाली. "आमच्या इथल्या फ्रीजलेही जमत नाई." तिनं कुपी घेतली आणि आत गेली. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. संध्याकाळचे सात वाजत आले. मधे एकदा नथ्थू म्हणाला, "बाई, दाराच्या आत बी इतका येळ लागते काय?" आणि इंदुताई म्हणाल्या, "घाम फुटू दे." सात वाजून दहा मिनिटांनी दिव्यानी बाहेर आली. हातमोजे तसेच. "सगळं नाई वाचलं," ती म्हणाली. "थोडं मेलं, हलवलं म्हणून. पण बाकीचं काम करून राह्यलं. घड्या सरकवून राह्यलं, आत्या." मग ती बाकावर दोघांच्या मधे बसली आणि तेव्हा रडली.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगून टाकायला हवं. त्या एका संध्याकाळच्या थेंबावर दिव्यानीनं नऊ द्रव्यं लावून पाहिली. आठ कुचकामी निघाली, एकानं प्रथिनाला किंचित अडवलं. तेवढ्यावर जूनचा निकाल झाला, पुढं प्रबंध झाला, आणि त्या एका द्रव्यावर ती अजून काम करते. प्रबंधात तिनं खरं ते लिहिलं: नमुना वितळला, पुन्हा गोठवला नाही, दोन ते आठ अंशांत हातानं वाहून आणला. परीक्षकानं "हातानं म्हणजे कशानं?" असं विचारलं तेव्हा तिनं निळ्या डब्याचा फोटो दाखवला. धनराजनं शाळेचा नाद सोडला आणि आपली पोरगी किड्यांपासून माणसं बनवते असं गोंडपिपरीभर सांगितलं. ते आता कुणालाच खोडता येत नाही. प्रफुलनं कुरिअर सोडलं. लग्नांत नवरानवरीला धुरातून आणायचा त्याचा धंदा आहे आणि मोसमात तो कुणाचा फोन उचलत नाही. कंडक्टरची बदली सिरोंच्याला झाली. नथ्थूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो अजून मंगळवारी येतो, आणि पेला भरण्याआधी इंदुताई त्याला विचारतात, "अजून काही सांगायचं राहिलंय?" तो विचार करतो आणि कधीकधी खरंच काहीतरी निघतं.

सोमारी आली नाही. इंदुताईंनी नथ्थूकरवी दोनदा निरोप पाठवला, ये म्हणून. त्या डिसेंबरात एका दुपारी लाल धुळीनं भरलेला एक चाळिशीकडं झुकलेला माणूस दारात येऊन "जोहार" म्हणाला. सोमारीचा जावई. त्यानं पिशवीभर चारोळी पुढं केली. "सासूनं देल्ली," तो म्हणाला, "आन इचारलं हाय, बाई अजून तशीच बोलते काय?" इंदुताईंनी त्याला बसवलं, ताक दिलं, ट्रक कुठं लावला ते विचारलं, केस इतके लाल कसे म्हणून, आंघोळ करतोस की नाही म्हणून, पोरांना तिन्ही टोचण्या झाल्या का म्हणून, आणि कार्ड कुठं आहे, कार्ड सांभाळून ठेवायला काय होतं तुम्हाला म्हणून, बराच वेळ. मग त्यांच्या लक्षात आलं की तो उत्तराची वाट बघत बसला आहे. त्या आत गेल्या, गुळाच्या डब्यातून एक खडा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"सांग तिले," त्या म्हणाल्या, "बोलते."